गेल्या वाटेने परत

परक्या मुलुखात जाण्यापेक्षा तेथून परत येणे पुष्कळदा अवघड असते. जाताना डाव्या हाताला दिसलेला वड येताना उजवीकडे येतो. ज्या पाटीवरचे नाव वाचून आपण वळलो, ती पाटी परतताना आपल्याकडे पाठ करून उभी असते, आणि तोवर दिवसही मावळलेला असतो. पायी किंवा बैलगाडीने जाणाऱ्याला वाटेची ओळख सावकाश होत असे. मोटारसायकलीवरून जाणाऱ्याला तेवढी उसंत नसते. म्हणून हल्ली पुष्कळ तरुण हँडलवर जीपीएसचे लहानसे यंत्र बसवून प्रवासाला निघतात. ते नवी वाट दाखवते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ‘आलो त्याच वाटेने मला परत ने’ असे सांगितले असता ते नेमके काय करते, हे वापरणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच माहीत असते. या वेळी या सदरात आपण त्याचाच विचार करू.

उदाहरणादाखल तामिळनाडूतील कुंभकोणम् हे गाव घेऊ. मराठी वाचकाला ते अगदीच परके नाही. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावरला आपले राज्य स्थापन केले आणि त्यानंतर कावेरीकाठी अनेक मराठी कुटुंबे स्थिरावली. पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तिन्ही संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम् येथेच झाला. देवदर्शनासाठी आणि पूर्वजांच्या खुणा पाहण्यासाठी आपल्याकडील मंडळी आजही तिकडे जातात.

या गावाच्या उत्तरेस कावेरी व दक्षिणेस अरसलार वाहते. भोवतालचा सारा प्रदेश कावेरीच्या गाळाने बनलेला, सपाट आहे. भाताची खाचरे, केळीचे मळे, नारळीच्या रांगा, कालवे आणि त्यांवरील लहान लहान पूल जिकडे पाहावे तिकडे दिसतात. सह्याद्रीच्या छायेत वाढलेल्या माणसाला दिशा ओळखण्यासाठी एखादा डोंगर शोधण्याची सवय असते. येथे तसा डोंगर नाही.

समजा, आपल्या घरातील एखादा तरुण वडीलधाऱ्यांसह कुंभकोणम् येथे उतरला आहे. दुपारी तो मोटारसायकलीने दारासुरमचे ऐरावतेश्वराचे मंदिर पाहतो, तेथून स्वामिमलैला जातो, आणि मग कालव्याच्या कडेने आतल्या रस्त्यांवर थोडा भटकतो. अंधार पडू लागतो. खेड्यातील पाट्यांची लिपी त्याला वाचता येत नाही, आणि मागे टाकलेले तिन्ही पूल सारखेच दिसतात. इकडे मुक्कामी आजी दाराशी येऊन उभी राहते. अशा वेळी ते यंत्र त्याच्या कितपत उपयोगी पडेल?

या प्रदेशात दिशा सापडत नाही ही तक्रार नवी नव्हे. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून विल्यम लॅम्टन याने ज्या सर्वेक्षणास आरंभ केला, ते पुढे ‘महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण’ म्हणून प्रसिद्धीस आले. दूरची तीन ठिकाणे परस्परांना दिसली पाहिजेत, तरच त्यांचा त्रिकोण मोजता येतो. कावेरीच्या सपाट, झाडांनी भरलेल्या प्रदेशात ती दिसत ना. तेव्हा लॅम्टनने देवळांच्या शिखरांचा व गोपुरांचा आश्रय घेतला. १८०८ साली, सरफोजीराजे दुसरे तंजावरच्या गादीवर असताना, बृहदीश्वराच्या देवळावर सुमारे अर्धा टन वजनाचे थिओडोलाइट हे कोन मोजण्याचे यंत्र चढविले जात होते. दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे मोठे वर्तुळ वाकले. लॅम्टनने कित्येक आठवडे खपून ते पुन्हा मूळ आकारात आणले व काम चालू ठेवले. पुढे १८२३ साली याच कामावर असताना वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे तो मरण पावला. त्याची कबरही तेथेच आहे.

वाट समजायची तर उंचावर जावे लागते, एवढा धडा या प्रसंगातून घ्यावा. जीपीएसने ही उंची आकाशात शोधली. अमेरिकेने उभारलेल्या या व्यवस्थेचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकावर अतिशय अचूक अणुघड्याळे असतात आणि प्रत्येक जण आपले स्थान व वेळ सतत प्रक्षेपित करतो. हा संदेश आपल्यापर्यंत येण्यास सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. त्या विलंबावरून यंत्र उपग्रहाचे अंतर काढते. तीन उपग्रहांवरून जागा ठरते, आणि यंत्रातील साध्या घड्याळाची चूक काढून टाकण्यासाठी चौथा लागतो.

येथे वेळेची एवढी किंमत का, तेही पाहा. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात प्रकाश ३०० मीटर जातो. सापेक्षतेच्या नियमांमुळे उपग्रहावरील घड्याळ जमिनीवरील घड्याळापेक्षा दिवसाला असे सुमारे ३८ भाग पुढे जाते. ही दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात दहा किलोमीटरांहून अधिक चूक साचेल. आपल्या देशाने २०१३ ते २०१६ या काळात ‘नाविक’ व्यवस्थेसाठी सात उपग्रह कक्षेत सोडले. त्यांपैकी पहिल्यावरील तिन्ही अणुघड्याळे बंद पडली, तेव्हा उपग्रह आकाशात असूनही स्थान सांगण्याच्या कामी निरुपयोगी झाला. २०२३ साली सोडलेल्या त्याच मालिकेतील नव्या उपग्रहावर भारतात बनविलेले अणुघड्याळ बसविण्यात आले. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे व तिच्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शके. कुंभकोणमच्या जुन्या पेठेत शंभर मीटर म्हणजे भलतीच गल्ली. आज मोकळ्या आकाशाखाली ही चूक साधारणतः काही मीटरांचीच असते. मात्र सारंगपाणीच्या अकरा मजली गोपुराजवळ किंवा दाट झाडीखाली ती वाढू शकते.

आता परतीकडे वळू. या यंत्रात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांची गल्लत करू नये. पहिली म्हणजे माग. आपण जात असताना यंत्र थोड्या थोड्या अंतराने एकेक बिंदू नोंदवीत जाते. प्रत्येक बिंदूचे अक्षांश, रेखांश व वेळ लिहून ठेवते. ओल्या मातीत उमटलेल्या पावलांसारखाच हा माग असतो. दुसरी म्हणजे मार्ग. हा यंत्र आपल्या नकाशातील रस्ते जोडून स्वतः ठरविते. आपण केवळ ‘घर’ असे सांगितले, तर यंत्र माग पाहत नाही. त्याच्या हिशेबाने लवकर पोहोचविणारा नवा मार्ग काढते. तो कालव्याच्या कच्च्या बांधावरूनही जाऊ शकतो. गेल्याच वाटेने यायचे असेल, तर माग उलट दाखविण्याची सोय निवडावी लागते. बऱ्याच यंत्रांत ती ‘ट्रॅकबॅक’ या नावाने असते.

परंतु मागाला रस्त्याचे नियम कळत नाहीत. जाताना ज्या गल्लीतून आपण सरळ गेलो, ती एकदिशा असेल, तर परतताना तीतून शिरणे हा गुन्हाही आहे आणि धोकाही. मधे दुभाजक असलेल्या महामार्गावर अडचण आणखी वेगळी. काही यंत्रे मागावरून मार्ग बनविताना जुन्या बिंदूंना स्पर्श करण्याचा हट्ट धरतात. ते बिंदू पलीकडच्या बाजूस असल्याने कित्येक किलोमीटर पुढे जाऊन, वळून, तो बिंदू गाठण्यास ती सांगतात. अशा वेळी तो बिंदू गाळून पुढच्या बिंदूकडे जाण्याची सूचना यंत्रास द्यावी. रथोत्सवामुळे बंद झालेला रस्ता किंवा पावसाने पाण्याखाली गेलेला पूल मागाला ठाऊक नसतो. दुपारी कोरडा असलेला पूल रात्री तसाच असेल याची हमी ते यंत्र देत नाही.

म्हणून काही गोष्टी निघण्यापूर्वीच कराव्यात. मुक्कामाच्या दाराशी उभे राहून ती जागा यंत्रात जतन करावी; पुष्कळ जण नेमके एवढेच विसरतात. आकाश मोकळे दिसते अशा ठिकाणी यंत्राला उपग्रह सापडेपर्यंत थांबावे आणि माग नोंदविणे चालू आहे ना, ते पाहावे. वाटेत जेथे वळण फसवे वाटेल, तेथे गाडी बाजूला घेऊन एक खूण करावी आणि मागे वळून रस्ता परतीच्या बाजूने कसा दिसतो तेही न्याहाळावे. गाडी चालू असताना पडद्याकडे टक लावू नये. ताशी ५० किलोमीटर वेगाने दोन सेकंदांत गाडी सुमारे २८ मीटर जाते आणि खेड्यातील रस्त्यावर तेवढ्या अंतरात एखादे पोर किंवा म्हैस सहज आडवी येते. मार्ग पाहायचा तर थांबून पाहावा, किंवा यंत्राच्या आवाजी सूचनेवर विसंबावे. एक छोटा कागदी नकाशा आणि मुक्कामाचा पत्ता तमिळ लिपीत लिहिलेली चिठ्ठी खिशात असू द्यावी. यंत्र बंद पडले, तर चहाच्या टपरीवरील मनुष्य ती चिठ्ठी वाचून हाताने दिशा दाखवील.

आणि घरच्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उपग्रह आपल्या मुलाला पाहत असतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नाही. हे यंत्र केवळ ऐकते. उपग्रहांकडे स्वतःहून काही कळवीत नाही. आपण कोठे आहोत हे स्वाराला कळते, दाराशी उभ्या असलेल्या आजीला कळत नाही. त्यासाठी फोनवरून कळवावे लागते, आणि कालव्याच्या आडरस्त्यावर फोन लागेलच असे नाही. म्हणून कोणत्या गावावरून जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे निघतानाच सांगून जाण्याचा जुना शिरस्ता मोडू नये. ठरल्या वेळेनंतर तासभर उलटला, तर कोठे चौकशी करावी, हेही आधीच ठरवून ठेवावे. घरी पोहोचल्यावर त्या दिवसाचा माग नाव देऊन जतन करावा. पुढच्या खेपेस घरातील दुसरा कोणी त्याच वाटेने निघाला, तर तो त्याच्या उपयोगी पडेल.