गाडीला घर जोडले, पण थांबायचे कुठे?

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातले क्वार्ट्‌झसाइट हे वाळवंटातले छोटे गाव. हिवाळ्यात तिथे घरासारख्या गाड्यांचा अक्षरशः बाजार भरतो. जवळच्या सरकारी जमिनीवर 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असा मुक्कामाचा परवाना मिळतो. थाटमाट शून्य. पाणी, कचऱ्याचे डबे आणि गाडीतली मैलाटाकी रिकामी करायची जागा एवढे असले की लोक महिनोन्‌महिने राहतात.

महाराष्ट्रानेही 2021 मध्ये अशाच गाड्यांसाठी कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. कल्पना चांगलीच आहे. पण ठाण्याचा किंवा डोंबिवलीचा माणूस वाहनतळासाठी सोसायटीत भांडतो; तो घराएवढी गाडी उभी कुठे करणार? त्याने ती विकत घ्यावी हे स्वप्न सोडून द्यावे. भाड्याची गाडी किंवा स्वतःची साधी मोटार आणि डिकीतला तंबू, हाच त्याचा खरा मार्ग.

तो निघतो कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजला, राष्ट्रीय महामार्ग 61 वरून. वाटेत रात्र काढायची तर पर्याय दोनच: हॉटेलची खोली, नाहीतर ढाब्याचे अंगण. बाईमाणूस सोबत असेल तर स्वच्छतागृहाच्या शोधातच अर्धा प्रवास जातो.

म्हणून वातानुकूलित कॅराव्हॅनची उद्घाटने थोडी थांबवावीत. मुरबाड तालुक्यात महामार्गालगत एक सपाट जागा, नळ, दिवे, विजेचे प्लग, स्वच्छतागृह आणि मैला उपसण्याची सोय, एवढे आधी करावे. शेतकऱ्याच्या जमिनीवर झाले तर भाडेही गावातच राहील. पर्यटन विभागाने सुरुवात याच रस्त्यावरून करावी.