मांडुळाला ठेवायचं कुठे?

आमच्या राजापेठेत चार माणसं चहाला जमली की अजूनही मधूनच मांडुळाचा विषय निघतो. "दोन किलोचं सापडलं तर करोडो मिळतात म्हणे!" सांगणाऱ्याने ते करोडो पाहिलेले नसतात, आणि देणारा गिऱ्हाईक तर कोणीच पाहिलेला नसतो. तरी पोत्यात मांडूळ घेऊन फिरणारे पकडल्याच्या बातम्या काही थांबत नाहीत.

परदेशात काही लोक हौसेने असे साप पाळतात. आपल्या मांडुळाचा पूर्व आफ्रिकेतला भाऊबंद तर तिथे बऱ्याच हौशी लोकांच्या घरी असतो. काचेची पेटी, अंग पुरून घ्यायला भुसभुशीत थर, एका बाजूला ऊब, एका बाजूला गारवा, पाण्याची वाटी आणि आठ-दहा दिवसांनी एक उंदीर. प्राण्याला कोंडणं मला पटत नाही. पण आपण साप पाळतो आहोत, एवढं तरी त्या माणसाला ठाऊक असतं!

आपल्याकडे मात्र तो साप नसतोच, लॉटरीचं तिकीट असतं. गुप्तधन दाखवतो, पैशांचा पाऊस पाडतो... मग कोंबा त्याला ड्रममध्ये आणि ठेवा समोर दूध! दूध हे सापाचं अन्नच नाही. दोन तोंडं, सहा महिने इकडून चालतो न् सहा महिने तिकडून, हेही खोटं. त्याची शेपटी बोथट असते. जिवावर बेतलं की तो डोकं वेटोळ्यात लपवतो आणि शेपटी वर करतो, म्हणजे घाव शेपटीवर बसावा. जीव वाचवायची ही युक्तीच त्याच्या जिवावर उठली आहे.

वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटीच्या भारतातल्या शाखेने 2016 ते 2021 या काळातल्या बातम्या गोळा केल्या. मांडूळ पकडल्याच्या 172 घटना निघाल्या, त्यांतल्या 59 आपल्या महाराष्ट्रातल्या. राज्यांत पहिला नंबर! मांडूळ अंडी घालत नाही, पिल्लंच देते. म्हणजे एक गाभण मादी ड्रममध्ये मेली की पुढची पिढीही गेली.

1972 च्या वन्यजीव कायद्याने मांडूळ पकडणं, विकणं, घरात ठेवणं, सगळाच गुन्हा आहे. 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदाही झाला. आणि कायद्याच्या कितीतरी आधी आपल्याच जिल्ह्यातले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन हेच सांगत गावोगाव फिरले. ज्या मातीत ते फिरले, त्याच मातीत शिकली-सवरलेली पोरं मांडुळाचं वजन करतात, याची मला लाज वाटते.

मांडुळाला घर आपण द्यायची गरजच नाही. धुऱ्यावरची मोकळी माती हे त्याचं घर, आणि आपली तूर-हरभरा खाणारे उंदीर हा त्याचा खुराक. विष त्याला नाही. शेतात दिसलं तर वाट द्यावी. घरात शिरलं, किंवा कोणी कोंडून ठेवलेलं कळलं, तर वनखात्याच्या 1926 नंबरवर फोन करावा. फुकटात राखण करणारा असा गडी दुसरा कुठे मिळणार?