दवंडी आणि दार

दवंडी साऱ्या गावाला ऐकू जावी म्हणूनच पिटतात. घरातल्या गोष्टीची दवंडी मात्र शहाणा माणूस पिटत नाही. घराच्या कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या राउटरच्या बाबतीत हे साधे तारतम्य आपण विसरलो आहोत, असे मला वाटते.

राउटरच्या सेटिंगमध्ये ‘यूपीएनपी’ नावाची सोय असते आणि पुष्कळ घरगुती राउटरांत ती आधीपासूनच चालू असते. या एका नावाखाली दोन निराळी कामे चालतात. पहिले ओळखीचे. टीव्ही, प्रिंटर यांसारखी उपकरणे २३९.२५५.२५५.२५० या सामायिक पत्त्यावर, १९०० क्रमांकाच्या पोर्टवर ‘मी इथे आहे’ असा पुकारा करतात आणि एकमेकांना सापडतात. दुसरे काम दार उघडण्याचे. घरातला एखादा प्रोग्राम राउटरला सांगतो, ‘बाहेरून येणाऱ्यासाठी अमुक पोर्ट उघड’. आणि राउटर सहसा पासवर्डही न विचारता ते उघडतो. पहिल्या कामाला माझी हरकत नाही, दुसऱ्याला आहे.

ही भीती काल्पनिक नव्हे. जानेवारी २०१३ मध्ये रॅपिड७ या कंपनीने आपल्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. घरातल्या घरात द्यायच्या या हाकेला थेट इंटरनेटवरून ८ कोटींहून अधिक पत्त्यांनी ओ दिली होती!

कोणी म्हणेल, ही सोय बंद केली तर टीव्ही कसा सापडणार? मी घरी बंद करून पाहिली. फोनला टीव्ही पूर्वीसारखाच सापडतो, कारण ती ओळख उपकरणे आपापसांत करून घेतात. काही ऑनलाइन खेळ किंवा दुरून पाहायचे कॅमेरे अडतील, हे खरे. त्यांना लागेल तेवढेच पोर्ट आपण आपल्या हाताने उघडावे.

आमच्याकडे राउटर बसवणारा दहा मिनिटांत निघून गेला. वडिलांनी सही केली. पण सेटिंगचे ते इंग्रजी पान त्यांना कोण वाचून दाखवणार? आमच्या घरात ते वाचू शकणारा मी पहिलाच. ज्याला वाचता येत नाही त्याचे दार परस्पर उघडे ठेवणे हा कोठला न्याय? कंपन्यांनी ही सोय बंद ठेवूनच राउटर विकावेत. ज्याला हवी तो चालू करील.

तोवर हे काम आपले आहे. सुटीत घरी गेलात की ते पान एकदा उघडा, राउटरचा मूळ पासवर्ड बदला आणि काय चालू, काय बंद ते घरच्यांना मराठीत समजावून सांगा. पदवी मिळेल तेव्हा मिळेल. शिक्षणाचा एवढा उपयोग आजच होऊ शकतो.