देऊळ फिरलं त्या बाजूला

श्रावण लागला की झरीच्या थांब्यावर सोमवारी पहाटेपासून जिंतूरच्या गाडीची वाट पाहणारी माणसं दिसतात. बोरी, जिंतूर आणि पुढे औंढा. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि औंढा नागनाथ तिकडे गेला; त्याआधी तो परभणीचाच. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून ‘आपला नागनाथ’ म्हणतात. माझ्याही तोंडी तेच येतं.

इथला गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्यांवरून अंग चोरत उतरायचं. छत इतकं ठेंगणं की ताठ उभं राहता येत नाही. “डोस्कं सांभाळ, माय,” असं मागची बाई आपल्याला सांगते आणि आपण पुढच्या लेकराला. बेलाचा वास, ओली फरशी, पिंडीवर टेकलेला हात, आणि लगेच ‘चला, चला’. बारा ज्योतिर्लिंगांतलं हे एक. द्वारकेजवळचं नागेश्वर आणि उत्तराखंडातलं जागेश्वर यांचाही तोच दावा आहे, पण त्या वादात मला रस नाही.

दर्शन झालं की बहुतेक जण प्रसाद घेऊन गाडी गाठतात. त्यांनी देवळाच्या मागे जावं, असं मला कळकळीनं वाटतं. शिवालयात नंदी पिंडीसमोर असतो. इथे तो मागच्या बाजूला आहे. त्याचं कारण सांगणारी कथा अशी: नामदेव महाराज देवळापुढे कीर्तनाला उभे राहिले. पूजेत अडथळा येतो म्हणून पुजाऱ्यांनी त्यांना मागे जायला सांगितलं. ते मागे गेले, तिथे कीर्तन रंगलं आणि देऊळच फिरून त्यांच्यासमोर आलं. नंदी राहिला तिथेच.

लहानपणापासून ऐकलेल्या या कथेत ‘पूजेत अडथळा’ एवढंच कारण असायचं. पुढे गुरु ग्रंथ साहिबातल्या भैरव रागातलं नामदेवांचं पद वाचनात आलं आणि मी हादरलो. त्यात गावाचं नाव नाही, पण प्रसंग तोच. नामदेव हसत-खेळत देवळात आले, भक्तीत रमले, तोच त्यांना धरून बाहेर काढलं. माझी जात हीन, मला शिंप्याच्या घरी जन्म का दिलास, असं ते यादवरायाला, म्हणजे कृष्णाला, विचारतात. मग कांबळं उचलून देवळामागे जाऊन बसतात. देऊळ फिरतं ते त्यानंतर.

चमत्कार आपण जपला आणि त्याआधीचं दुखणं वगळलं. मला तर कथेचा जीव त्या कांबळ्यातच दिसतो.

नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर भेटले तेही याच देवळात, पिंडीवर पाय ठेवून निजलेले, असं सांगतात. देव नसेल तिथे माझे पाय ठेव, असं विसोबांनी सांगितलं, आणि पाय ठेवावे तिथे पिंड दिसू लागली.

मागच्या भिंतीपाशी घटकाभर थांबावं. खालचं काम काळ्या दगडाचं, यादवकाळातलं, मूर्तींनी भरलेलं. वरचा भाग नंतरच्या काळातला आणि साधा, हा फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो. हाताशी वेळ असेल तर हिंगोलीजवळची नर्सी, नामदेवांचं जन्मगाव, तीही करावी. तिथे पंजाबातून शीख भाविक येतात. ते पद त्यांच्या नित्याच्या ग्रंथातलं आहे. कुणी भेटलं तर त्यांच्याकडून अवश्य ऐकावं.