घरबसल्यावाले

आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेनं लेखनिकाच्या 2 जागा काढल्या आणि मुलाखतीला तज्ज्ञ म्हणून मला बोलावणं आलं. 31 वर्षं कॉमर्स शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला गावात एवढाच मान उरतो. चहा आला, अर्जांचा गठ्ठा आला. अध्यक्षांनी गठ्ठा व्यवस्थापकाकडे सरकवला आणि म्हणाले, “आधी ते घरबसल्यावाले बाजूला काढा.” म्हणजे मुक्त विद्यापीठातून किंवा ऑनलाइन पदवी घेतलेले. 42 अर्जांतले 11 टेबलाच्या कडेला गेले. मी हट्ट धरला म्हणून ते परत गठ्ठ्यात आले, पण अध्यक्षांच्या कपाळावरची आठी काही गेली नाही.

माझं भांडण त्या आठीशी आहे.

वादाची आपली जुनी शिस्त अशी की पूर्वपक्ष आधी नीट मांडायचा, मग खोडायचा. अध्यक्षांचा पूर्वपक्ष असा: घरी बसून दिलेल्या परीक्षेत कॉपी होते. समोर शिक्षक नाही, तर शिकवणार कोण? पडद्यावर बघून हाताला काम येत नाही. आणि कॉलेजात न गेलेल्या पोराला चार माणसांत वावरता येत नाही. हे मुद्दे फालतू नाहीत. माझ्या स्वतःच्या तोंडी ते कित्येक वर्षं होते.

आधी कॉपी. महाराष्ट्रात कॉपीमुक्त अभियान राबवावं लागतं, भरारी पथकं फिरवावी लागतात, ती बाकावर बसून पेनानं लिहायच्या परीक्षांसाठीच. कॉपी ही मोबाइलची पैदास नव्हे. तरी एक कबूल करतो. घरच्या खोलीत, कॅमेऱ्यासमोर दिलेल्या शेवटच्या परीक्षेवर माझाही विश्वास नाही. कॅमेऱ्याला टेबलाच्या पलीकडे बसलेला भाऊ दिसत नाही. पण त्यावर उपाय आहे आणि तो चालूही आहे. मद्रास आयआयटीनं 2020 साली डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम काढला. तिथं जेईईची अट नाही, मात्र 4 आठवडे अभ्यास करून पात्रता परीक्षा ओलांडल्याशिवाय दार उघडत नाही. व्याख्यानं पडद्यावर होतात, पण परीक्षेला नेमून दिलेल्या केंद्रावर स्वतः जाऊन बसावं लागतं. शिकणं कुठंही होऊ दे, तपासणी कडक ठेवा. बाकी सगळ्यांनी हाच धडा गिरवला तर कॉपीचा मुद्दा निम्मा संपतो. उरलेला निम्मा दोन्हीकडे सारखाच आहे.

आता शिक्षक समोर असण्याचं. इथं मला थोडं घरचं सांगावं लागेल. आमच्या प्रथम वर्षाच्या तुकडीच्या कॅटलॉगवर 120 नावं असत. जूनमध्ये बाक पुरत नसत. दिवाळीनंतर समोर तीस-पस्तीस मुलं, त्यातली पाच-सात बाहेर पाऊस म्हणून आत आलेली. नियम 75 टक्के हजेरीचा. मग परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली की स्टाफरूममध्ये आम्ही मंडळी कॅटलॉगच्या कोऱ्या चौकटी भरायला बसत असू. काही ओळी निळ्या पेनानं, काही काळ्या, आणि खरं वाटावं म्हणून मधेच दोन गैरहजेऱ्या. मीही भरल्या आहेत. त्या चौकटींवर उभ्या राहिलेल्या पदव्यांना आज ‘रेग्युलर’ म्हणतात. माझ्या मागून तर कायमच्या जागाच भरल्या गेल्या नाहीत. तासिका तत्त्वावरचा मुलगा एका कॉलेजातला तास आटपून मोटारसायकलवर दुसऱ्या कॉलेजात पळतो. त्याला विद्यार्थ्यांची नावं ठाऊक असावीत अशी अपेक्षा कोण करणार?

चांगला शिक्षक वर्गात काय करू शकतो हे मला कोणी शिकवू नये. पण तुलना करायची तर चांगल्या वर्गाची चांगल्या ऑनलाइन अभ्यासक्रमाशी करा. आपण करतो ती स्वप्नातल्या वर्गाची जाहिरातीतल्या ॲपशी.

हाताच्या कामाचा मुद्दा लवकर मिटतो, कारण तो कायद्यानंच मिटवला आहे. वैद्यक, अभियांत्रिकी, नर्सिंग, औषधनिर्माण, वास्तुशास्त्र यांच्या पदव्या अशा मार्गानं देता येत नाहीत. अभिमत विद्यापीठांनी पत्रव्यवहारानं वाटलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2017 मध्ये कुऱ्हाड चालवली, ती योग्यच होती.

चार माणसांत वावरण्याचा मुद्दा मात्र मी अध्यक्षांना देऊन टाकतो. अठरा वर्षांचं पोर असेल, अर्ध्या तासावर बरं कॉलेज असेल आणि घरची चूल त्याच्या पगारावर पेटत नसेल, तर त्यानं कॉलेजातच जावं. गॅदरिंग, एनएसएसचं शिबिर, कॅन्टीनमधली उधारी, यांना पर्याय नाही. प्रश्न आहे तो यातलं काहीच ज्यांच्या वाट्याला येत नाही त्यांचा.

त्यांची सोय ही काही कालची टूम नव्हे. लंडन विद्यापीठानं 1858 सालीच बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षेला बसू दिलं. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले. घड्याळ विद्यार्थ्यानं बदलायचं की कॉलेजनं, हा प्रश्न तिथं विद्यार्थ्याच्या बाजूनं सुटला. दिल्ली विद्यापीठानं 1962 मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले, मुंबई विद्यापीठाची दूरशिक्षण संस्था 1971 ची. इग्नू 1985 चं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 चं, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. शाळा सुटलेल्या प्रौढांसाठी त्या विद्यापीठानं पूर्वतयारीची वाट काढली. ऑनलाइन पदवी ही त्याच वाटेवरची पुढची गाडी. टपालानं येणाऱ्या पुस्तकाच्या जागी व्याख्यान, स्वाध्याय आणि शंका विचारायची जागा हातातल्या फोनवर आली, एवढंच.

त्या 11 अर्जांत एक पिग्मी एजंट बाई होत्या. वय 33. बारावीनंतर लग्न, दोन मुलं, मग त्याच पतसंस्थेचं पिग्मीचं काम. सकाळी दहापासून वडापावच्या गाड्यापासून सोनाराच्या पेढीपर्यंत दुकान ते दुकान, खांद्याला पिशवी, हातात मशीन. व्याख्यानं रात्री भांडी झाल्यावर. आमच्याकडे लाइट गेली की पाठोपाठ टॉवरही जातो, म्हणून ती दिवसाच उतरवून ठेवलेली. त्यांनी आणलेली वही मी चाळली. पिग्मीच्या मशीनमधून निघणाऱ्या पावत्यांच्या कोऱ्या पट्ट्या पानापानांवर चिकटवलेल्या, आणि त्यांवर बारीक अक्षरात घसारा, तरतुदी, ताळेबंदाच्या नोंदी. दुकानदार गल्ल्यातून पैसे काढेपर्यंतच्या वेळात लिहिलेल्या. मी विचारलं, थकीत कर्जावरचं व्याज उत्पन्नात धरायचं का? “वसूल झालं तरच, सर. नाहीतर तेवढी तरतूद.” त्यांच्या आधी आलेल्या रेग्युलर प्रथम श्रेणीला हे उत्तर आलं नव्हतं.

लगेच टाळ्या नकोत. त्यांच्यानंतर आलेल्या दुसऱ्या ऑनलाइनवाल्याला नावे-जमाही धड सांगता आलं नाही. माणूस कुठं बसून शिकला यावरून तो काय शिकला हे कळत नाही, त्यासाठी त्याला विचारावं लागतं. आणि त्या बाईंना घरबसल्या म्हणणं ही तर थट्टाच. घरी बसायला मिळालं असतं तर त्या कॉलेजलाच गेल्या असत्या.

आमच्या बाजूचे शत्रू खरं तर अध्यक्ष नाहीत, आमच्याच नावावर दुकान मांडणारे आहेत. ‘एका वर्षात पदवी’, ‘हप्त्यावर एमबीए’ म्हणत दिवसातून सहा फोन करणारे ते ‘काउन्सेलर’. असल्या अभ्यासक्रमांची फ्रँचायझी देण्यावर यूजीसीची बंदी आहे. परदेशी विद्यापीठाशी हातमिळवणी करून कंपन्या विकतात ती ऑनलाइन पीएच.डी. इथं मान्य नाही, हे 2022 मध्येच जाहीर झालंय. तरी दुकानं चालतात, आणि त्यांच्या पापाची किंमत पिग्मीवाल्या बाई मुलाखतीच्या टेबलावर मोजतात. म्हणून फी भरण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या वर्षासाठी तो अभ्यासक्रम आहे का, हे डोळ्यांनी पाहा. नुसतं विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून भागत नाही.

बाईंना जागा मिळाली नाही. गुणांत त्या तिसऱ्या आल्या. यात अन्याय झाला असं मी म्हणत नाही. अन्याय झाला असता तो गठ्ठा सोडण्याआधीच.

मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, असं यूजीसीनं सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा पतसंस्था, शिक्षणसंस्था आणि कारखान्यांच्या कारभाऱ्यांना एवढीच विनंती की पुढच्या जाहिरातीतून ‘फक्त रेग्युलर पदवीधरांनी अर्ज करावेत’ ही ओळ काढा. हवी तेवढी अवघड लेखी परीक्षा ठेवा. आमचे घरबसल्यावाले बसतील.