आरोपी सापडला, पुढे काय?

मार्टिन बेक हा स्टॉकहोमच्या पोलीस खात्यातील खूनतपास विभागाचा एक थकलेला, मितभाषी अधिकारी. स्वीडनमध्ये १९९७ पासून ‘बेक’ ह्या नावाने त्याच्यावरील चित्रपटांची मालिका दूरचित्रवाणीसाठी तयार होत आली आणि पेटर हाबेर ह्या नटाने ती भूमिका घरोघरी पोहोचविली. इंग्रजी उपशीर्षकांच्या आधाराने ही मालिका पाहणारी काही मंडळी पनवेलमध्येही आहेत. निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, दोन-तीन तरुण कार्यकर्ते असा हा आमचा मेळ. आणि त्यांच्यात ह्या मालिकेवरून सरळ दोन तट पडलेले आहेत.

एका तटाचे म्हणणे असे की, ही मालिका कमालीची संथ आणि उदास आहे. नायक बुद्धीची चमक दाखवीत नाही. कागद चाळतो, साक्षीदारांना तेच ते प्रश्न विचारतो. शेवटी आरोपी सापडतो तेव्हाही समाधान वाटत नाही. उलट त्या आरोपीचीच कीव येते. दुसऱ्या तटाच्या मते हेच तिचे सामर्थ्य, कारण खरा तपास असाच चालतो आणि खरा गुन्हेगार बहुधा असाच केविलवाणा असतो. हा मतभेद केवळ आवडीनिवडीचा असता तर त्यासाठी ह्या साप्ताहिकाची जागा अडविण्याचे कारण नव्हते. परंतु गुन्हा घडल्यावर आपण समाज म्हणून नेमके काय मागतो, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे, आणि तो आपल्या चळवळीच्या जिव्हाळ्याचा आहे.

प्रथम ह्या बेकचे मूळ पाहू. माय श्योवाल आणि पेर वालू ही लेखक जोडी मार्क्सवादी होती. १९६५ ते १९७५ ह्या काळात त्यांनी बेकच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या. प्रत्येकीची तीस प्रकरणे. म्हणजे तीनशे प्रकरणांची एकच दीर्घ कथा, असा त्यांचा संकल्प होता. ह्या मालेला त्यांनी ‘एका गुन्ह्याची कादंबरी’ असे उपशीर्षक दिले. हा गुन्हा कोणता? स्वीडनच्या कल्याणकारी राज्याने कामगारवर्गाशी केलेली प्रतारणा, हा त्यांच्या दृष्टीने मूळ गुन्हा होता. १९६५ मध्ये स्वीडनमधील नगरपालिकांची पोलीस दले एकत्र करून ती राज्यसंस्थेच्या ताब्यात देण्यात आली. त्यानंतर पोलीस लोकांपासून कसे दुरावत गेले, शस्त्रांचा सोस कसा वाढला, ह्याचा आलेख ह्या दहा पुस्तकांत सापडतो. दहाव्या कादंबरीत एक असहाय तरुणी देशाच्या पंतप्रधानाला गोळी घालते. ती प्रसिद्ध झाल्यावर अकरा वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९८६ रोजी, ओलोफ पाल्मे ह्यांची स्टॉकहोमच्या रस्त्यावर हत्या झाली. तो खटला २०२० मध्ये सरकारी वकिलांनी मृत संशयिताकडे बोट दाखवून बंद केला. न्यायालयात काहीच सिद्ध झाले नाही. संशयावर पडदा न पडण्याची सवय त्या देशाला अशी प्रत्यक्ष इतिहासानेच लावलेली आहे.

ह्या मालेतील १९७१ च्या एका कादंबरीचा विशेष उल्लेख केला पाहिजे. तीत एका क्रूर पोलीस अधिकाऱ्याचा रुग्णालयात खून होतो. तपासात निघते ते असे की, ह्या अधिकाऱ्याविरुद्ध वर्षानुवर्षे तक्रारी झाल्या होत्या आणि सहकाऱ्यांच्या साक्षींच्या जोरावर त्या सर्व निकालात काढल्या गेल्या होत्या. खुनी हा स्वतः एक माजी पोलीस आहे. मधुमेहाने बेशुद्ध झालेल्या त्याच्या पत्नीला दारुडी समजून कोठडीत टाकले गेले आणि ती तेथेच मेली. येथे ‘खून कोणी केला’ ह्या प्रश्नाचे उत्तर मिळते. परंतु ते मिळताच ‘हा खून घडू दिला कोणी’ हा दुसरा, मोठा प्रश्न उभा राहतो. बू विडेरबेर्ग ह्या दिग्दर्शकाने १९७६ मध्ये ह्यावर चित्रपट काढला, तोही ह्या प्रश्नासकट.

दूरचित्रवाणीवरील बेकमध्ये मात्र ही धार बरीच बोथट झाली. १९९७ नंतरच्या कथा बहुतांशी नव्याने रचलेल्या आहेत. कादंबऱ्यांतून मुख्यतः पात्रे घेतली गेली. बेकचा सहकारी गुन्वाल्ड लार्सन हा तापट, नियम धाब्यावर बसविणारा, दारे तोडून आत घुसणारा अधिकारी. पुष्कळ प्रेक्षकांना तो बेकहूनही प्रिय झाला. म्हणजे ज्या पोलिसी दांडगाईची लेखकांनी चिकित्सा केली, तीच पडद्यावर करमणूक झाली. म्हणून आमच्यातील जी मंडळी ‘स्वीडनची मालिका ती प्रगल्भ आणि आपली ती बालिश’ असे म्हणून मोकळी होतात, त्यांच्याशीही मी पूर्णपणे सहमत नाही. उदासीनता म्हणजे समाजचिकित्सा नव्हे. ढगाळ आकाश आणि खिन्न चेहरा दाखविला की व्यवस्थेवर टीका झाली असे मानणे, हा मध्यमवर्गीय प्रेक्षकाचा सोयीस्कर समज आहे.

आता आपल्याकडे वळू. खासगी वाहिन्यांचे पीक येण्यापूर्वी मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ ही मराठी पोलीस मालिका लोकप्रिय झाली. तिचे दिग्दर्शक बी. पी. सिंग आणि तीतील अधिकारी शिवाजी साटम. ह्याच जोडीने पुढे जानेवारी १९९८ मध्ये ‘सीआयडी’ ही हिंदी मालिका आणली. ती ऑक्टोबर २०१८ पर्यंत अखंड चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा अवतरली. एसीपी प्रद्युम्न, दारे तोडणारा दया, प्रयोगशाळेतील डॉक्टर साळुंखे हे आज दोन पिढ्यांच्या परिचयाचे आहेत.

ह्या मालिकेला नाके मुरडणाऱ्यांनी ती कोण पाहते ह्याचाही विचार करावा. ज्या कामगाराला पोलीस चौकीत ‘साहेब नाहीत, उद्या या’ असे ऐकावे लागते, त्याला ह्या मालिकेत एक वेगळेच जग दिसते. तेथे प्रत्येक मृत माणसाची दखल घेतली जाते. मयत गरीब आहे म्हणून प्रकरण बाजूला पडत नाही. अख्खे पथक ताबडतोब घटनास्थळी हजर होते. हे स्वप्नरंजन असेल. परंतु राज्यसंस्थेने आपली दखल घ्यावी ही त्यामागची मागणी रास्त आहे, आणि तिची थट्टा करणे समाजवाद्याला शोभत नाही.

आक्षेप घ्यावयाचा तो दुसऱ्याच गोष्टीवर. तेथे चौकशी म्हणजे चपराक. चपराक बसली की कबुली. आणि कबुली मिळाली की अधिकारी तेथेच फाशीचे भाकीत करून मोकळा होतो. वकील नाही, न्यायाधीश नाही, उलटतपासणी नाही. ज्याला पकडले तोच गुन्हेगार, हे गृहीतच धरलेले असते. मी अर्थशास्त्राचा अध्यापक असल्यामुळे मला येथे एक जुना प्रश्न सुचतो: ह्या झटपट न्यायाची किंमत कोण चुकविते? पडद्यावर चूक होतच नाही, म्हणून किंमतही दिसत नाही. प्रत्यक्षात २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ जण, म्हणजे दर चारांतील तीन, खटल्याचा निकाल न लागलेले कच्चे कैदी होते. मालिका जेथे संपते तेथे ह्या माणसांची गोष्ट सुरू होते.

ह्या प्रवृत्तीचे टोक आपण घराशेजारी पाहिले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतील दोन चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले. तक्रार नोंदविण्यातील पोलिसांच्या दिरंगाईवर उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले. २३ सप्टेंबर रोजी आरोपीला आमच्या पनवेल तालुक्यातील तळोजा कारागृहातून नेले जात असता मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीतच तो गोळीने मारला गेला. बदलापुरात फटाके वाजले, मिठाई वाटली गेली. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्याच्या मृत्यूस पाच पोलिसांना जबाबदार धरले. आरोपीच्या मृत्यूबरोबर त्याच्यावरील खटला संपला; आरोप न्यायासनासमोर सिद्ध होण्याची वेळच आली नाही. जे पोलीस तक्रार घेण्यास उशीर लावीत होते, तेच महिन्याभराने काहींच्या लेखी वीर ठरले. हा चमत्कार कसा घडतो, ह्याचे उत्तर शोधताना आपण रोज काय पाहतो हेही तपासले पाहिजे.

येथे कोणी म्हणेल की, त्या मुलींच्या आईबापांना हे तत्त्वज्ञान सांगून पाहा. आक्षेप गंभीर आहे. न्यायालयांत पिढ्या खपतात, साक्षीदार फुटतात, धनवान सुटतात. अशा वेळी माणसे गोळीला न्याय म्हणतात ती निव्वळ क्रौर्यापोटी नव्हे, तर निराशेपोटी. परंतु ह्या निराशेचा लाभ कोणाला होतो ते पाहावे. न्यायाधीशांची पदे रिक्त ठेवणाऱ्या, पोलिसांना राजकीय बदल्यांच्या दोरीने बांधून ठेवणाऱ्या सत्तेला एक गोळी सर्व जबाबदारीतून मुक्त करते. आणि ही गोळी कोणाच्या दिशेने जाते? बड्या आरोपीच्या दिशेने ती गेल्याचे क्वचितच ऐकिवात येते.

पनवेल-उरणच्या लोकांना तर हे सांगण्याची गरज पडू नये. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर जासई-दास्तान परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्या लढ्यातून आले. त्या हुतात्म्यांचे स्मरण आपण दरवर्षी करतो. मग सरकारी बंदूक ही आपोआपच न्यायाची असते, हे आपल्याच घरातल्या दूरचित्रवाणी संचाने आपल्या नातवंडांना कसे शिकविले?

मराठी प्रतिभेला हा प्रश्न कधी सुचलाच नाही असे नाही. श्री. दा. पानवलकर ह्यांच्या ‘सूर्य’ ह्या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानी ह्यांनी १९८३ मध्ये ‘अर्धसत्य’ काढला. त्यातील अनंत वेलणकर हा प्रामाणिक फौजदार कोठडीत एका भुरट्या चोराला मरेपर्यंत मारतो, आणि अखेरीस रामा शेट्टी ह्या पुढारी बनलेल्या गुंडाचा गळा घोटतो. मी ज्या चित्रपटगृहात तो पाहिला, तेथे शेवटच्या प्रसंगाला टाळ्या पडल्या. चोराच्या मृत्यूच्या वेळी मात्र शांतता होती. दोन्ही हत्या त्याच हातांनी केलेल्या होत्या. ती शांतता आणि त्या टाळ्या एकत्र ठेवून विचार करावयास लावणे, हे त्या चित्रपटाचे मोठे काम. बेकच्या जन्मदात्यांना जे साधावयाचे होते, ते येथे आपल्या भाषेतील लेखकांनी साधले होते. दुर्दैवाने दूरचित्रवाणीने त्यांचा वारसा घेतला नाही.

तेव्हा आमच्या दोन तटांपैकी माझा कौल संथ मालिकेला आहे. मात्र ती परदेशी आहे म्हणून नव्हे, तर आरोपी सापडल्यावरही प्रश्न शिल्लक राहतो एवढे ती अजून मान्य करते म्हणून. कार्यकर्त्यांना माझी सूचना अशी. वस्तीतील तरुणांना ‘सीआयडी पाहू नका’ असे सांगू नका. त्यांच्याबरोबर बसून एक भाग पाहा, आणि तो संपल्यावर विचारा: पकडलेला माणूस निर्दोष निघाला असता तर? त्याला वकील कोणी दिला? चपराकीची नोंद कोठे झाली? मग त्यांना घेऊन आपल्या भागातील पोलीस ठाण्यात जा. अटकेसंबंधी डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घालून दिलेले नियम तेथे लावलेले आहेत काय, आणि २०२० च्या निकालाने प्रत्येक ठाण्यात बंधनकारक केलेले कॅमेरे चालू आहेत काय, ह्याची चौकशी करा. उत्तर लेखी मागा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज लागतो तो दहा रुपयांचा. ही चौकशीही संथच असेल, परंतु ती आपण स्वतः केलेली असेल.