इंद्रभुवनाची आठवण

अमेरिकेत १९२६ साली कार्टर वुडसन यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह आरंभिला. पुढे त्याचा महिना झाला, आणि त्या महिन्यात तेथील चित्रगृहे त्यांचे चित्रपट लावतात. आमच्या अमरावतीत १३ नोव्हेंबर १९२७ रोजी इंद्रभुवन थिएटरात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवीचे दार त्यांना बंद होते. थिएटराचे उघडे होते! अमरावती-अकोल्याच्या चित्रगृहचालकांनी त्या तारखेपासून आठवडाभर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘फँड्री’, ‘कोर्ट’ लावावेत, आणि तेही तिकीट लावून. जयंतीच्या फुकट खेळाला एकाच वस्तीतील माणसे जमतात. जब्याचा अखेरचा दगड मात्र आम्हा पांढरपेशांच्या रोखाने आलेला आहे. पहिल्या खेळाच्या रांगेत आम्ही उभे राहू.